पंप पाच

१

अल वक्र्याच्या समुद्रकाठी, पाण्यापासून जेमतेम दोनशे पावलांवर, एक मोठा खड्डा होता. तीन वर्षांनी वर्ल्डकपला माणसांचा लोंढा येणार, त्यांच्या गाड्या कुठे मावायच्या, म्हणून तिथे जमिनीखाली पार्किंग बांधायचं चाललं होतं. समुद्राच्या इतक्या जवळ खणलं की पाणी येणारच, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ते पाणी उपसायला चार पंप अखंड चालत. पंप बंद पडत नाहीत ना, खड्ड्याच्या भिंती सरकत नाहीत ना, हे बघायला मात्र इंजिनिअर लागे. तो म्हणजे अवधूत. निफाडकडचा, वय बेचाळीस, कतारमध्ये अकरा वर्षं मुरलेला सर्व्हेयर.

साइटचे मुख्य होते हारादा नावाचे जपानी गृहस्थ. साठीला टेकलेले, काटक, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरणारे. सगळे त्यांना हारादा-सान म्हणत. त्यांची एक रीत होती. पहाटे पाचला साऱ्या मजुरांनी रांगेत उभं राहायचं, हातपाय ताणायचे, आणि मग प्रत्येकानं मोठ्यानं आपलं नाव घेऊन आज काय काम करणार ते सांगायचं. "नाव घेतलं की माणूस जागा होतो," असं ते म्हणत. मजुरांचे दोन संघ पाडले होते, दंडावर लाल पट्टी आणि पांढरी पट्टी. पंप एक-दोनवाले लाल, तीन-चारवाले पांढरे. महिन्यात ज्याच्या चुका कमी, त्या संघाला बिर्याणी. अवधूत कुठल्याच संघात नव्हता, तो नुसते गुण मांडायचा.

त्यामुळे नाव पुकारायची पाळी त्याच्यावर येत नसे. खरं सांगायचं तर त्याचं नाव दिवसभरात कोणी घेतच नसे. मजुरांचा तो 'सर्वे साब', हारादांचा 'सर्व्हेयर-सान', बायकोचा 'अहो' आणि मुलीचा 'पापा'. परदेशात गेलेल्या माणसाचं असंच होतं, पगार वाढतो आणि नाव झिजतं. त्याचं नाव त्याला ऐकू यायचं ते फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आप्पांशी व्हिडिओ कॉल व्हायचा तेव्हा.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, श्रीपती. गावी एकटेच असत. नातीला मराठी येत नाही याचं त्यांना कोण दुःख. उर्वी नऊ वर्षांची. बोललेलं सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. पण आप्पांनी तिला एक गोष्ट मराठीत पक्की पढवली होती.

"तू कोण गं?" आप्पा विचारायचे.

आणि उर्वी छाती काढून म्हणायची, "मच्छिंद्रांची पणती, श्रीपतींची नात, अवधूतची मुलगी, मी उर्वी!"

"शाब्बास! एकही नाव चुकलं नाही."

मागे चहाचा कप घेऊन उभा असलेला अवधूत दर शुक्रवारी आपल्या नावाची वाट बघायचा. ते आलं की मग चहाचा घोट घ्यायचा.

२

जुलैत कतारमध्ये साडेअकरा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. सायरन झाला की सारे मजूर थंड केलेल्या शेडमध्ये जाऊन आडवे व्हायचे. मागे राहायचे ते चार पंपांजवळ छपराखाली बसलेले चौघे, आणि पोर्टाकॅबिनमध्ये वॉकीटॉकी घेऊन बसलेला अवधूत. दर अर्ध्या तासानं त्यानं विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं.

"पंप एक?"

"एक ओके, साब."

"पंप दोन?"

असं चारपर्यंत. पंप तीनवर रहमान होता. बडबड्या माणूस, तो दोनचं उत्तर संपायच्या आत आपलं बटण दाबायचा. अवधूत त्याला दहादा सांगून थकला होता, "रहमानभाई, एक साथ मत बोलो. दो लोग बोलेंगे तो जिसका सिग्नल तगडा, उसी का सुनाई देगा. दूसरा मिट जाएगा." रहमान म्हणायचा, "इन्शाल्ला, साब," आणि पुन्हा तेच करायचा.

त्या रविवारी बाराला चौथ्यानं ओके म्हटलं. अवधूतनं वही ओढली, वेळ लिहिली. एसीची घरघर, दूरवर पंपांचा एकसुरी आवाज. आणि वॉकीटॉकीवर पाचव्यांदा खट झालं.

पाचवा पंप नव्हताच.

कोणीतरी बोलत होतं. एका लयीत, मोठ्यानं, जसं मैदानापलीकडच्या माणसाला सांगावं तसं. शब्द एकही कळला नाही, पण बोली जपानी वळणाची वाटली. आवाजामागे पाणी लाकडावर चुबुकचुबुक आपटत होतं. मग बोलणं थांबलं. बटण मात्र सुटलं नव्हतं, कारण पाणी ऐकू येतच होतं. कोणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

मिनिटभरानं खट झालं आणि सगळं बंद.

अवधूतनं विचार केला. एखादी जपानी बोट असेल, बंदराकडे चाललेली. आपल्या फ्रिक्वेन्सीत घुसली असेल. हारादांना विचारावं तर ते मंगळवारपर्यंत दोहाला, वेस्ट बेच्या ऑफिसात बैठकांना. त्यानं वहीत लिहिलं, '१२.०४, बाहेरचा आवाज', आणि डबा उघडला.

३

सोमवारी बाराला आवाज पुन्हा आला. तीच लय, तेवढीच लांबी. या खेपेला अवधूतनं कान देऊन ऐकलं, आणि त्याला मौज वाटली. शब्द कळत नव्हते, पण घडण ओळखीची होती. एक तुकडा, मग त्याच शेपटाचा दुसरा तुकडा, मग तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा चढता, आणि शेवटी एक छोटा, ठाम शब्द. अगदी उर्वी म्हणते तसं. अमक्याचा पणतू, तमक्याचा नातू, ढमक्याचा मुलगा, मी फलाणा.

म्हणजे हा पठ्ठ्या स्वतःची ओळख सांगतोय. नवीन कंत्राटदाराचा माणूस असावा, हारादांच्या शिस्तीतला. इतक्या पिढ्या सांगतोय म्हणजे घराण्याचा तोरा मोठा दिसतो.

आणि मग पुन्हा ती वाट बघणारी शांतता, पाण्याची चुबुकचुबुक.

आपल्याकडे कोणी नाव-गाव सांगितलं आणि समोरचा मुका राहिला, तर त्याला काय म्हणतात? माणूसघाणा. शिवाय दुपारची वेळ, बाहेर पन्नास डिग्री, बोलायला कुत्रं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच होतं, माणूस बसल्या जागी कंटाळलेला असतो. अवधूतनं बटण दाबलं, खाकरला आणि मराठीतच ठोकून दिलं:

"आम्ही निफाड तालुक्यातले. मच्छिंद्रांचा नातू, श्रीपतींचा मुलगा, अवधूत. आणि उर्वीचा बाप!"

शेवटचं त्यानं हौसेनं जोडलं. लेकीचं नाव घेतलं की त्याची मान जरा ताठ व्हायची, एवढंच.

पलीकडे पाणी एकदम थांबलं. चुबुकचुबुक बंद. पार्ट्या पाडून खेळताना राज्य कोणावर ते ठरलं की क्षणभर सगळे चूप होतात, तसं काहीतरी. मग खट.

अवधूत हसला. पण डबा खाताना त्याला राहून राहून वाटलं, की हसण्यासारखं नेमकं काय झालं ते आपल्याला माहीत नाही.

४

मंगळवारी बाराला आवाज त्याची नावं घेऊन आला.

आधी स्वतःची सगळी लांबण. मग थांबून, ज्या जिभेला हे उच्चार ठाऊक नाहीत तिनं चाचपडत म्हणावं तसं: मच्छिंद्र. श्रीपती. अवधूत. आणि जरा वेळानं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं: उर्वी.

अवधूतच्या हातातलं पेन खाली पडलं. त्यानं ते उचललं आणि उगीच टोपण लावलं. आपण काल जे बोललो ते कोणीतरी रेकॉर्ड करून परत लावतंय. थट्टा आहे. पण रेकॉर्ड केलं असतं तर आवाज त्याचाच असता ना? हा त्याचा नव्हता.

सायरन होताच तो पंप तीनवर गेला.

"रहमानभाई, बारा बजे चार के बाद कौन बोला?"

रहमान गोंधळून बघत राहिला. "आप ही तो बोले, साब. कल भी, आज भी. अपनी ज़बान में कुछ. बिटिया का नाम था न उसमें?"

"आज मैं नहीं बोला."

"तो फिर साब," रहमान चाचरत म्हणाला, "मैंने गलत सुना होगा. गर्मी बहुत है."

आणखी एक गोष्ट होती. खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची पातळी मोजायची पट्टी रंगवलेली होती. पाणी वीतभर चढून उतरल्याची खारट रेघ तिच्यावर होती; बाराच्या सुमारास चढलं होतं, असं रहमान म्हणाला. चारही पंप चालू असताना. भरतीची वेळ असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. तक्ता काढून बघितला. त्या दिवशी भरती बाराला नव्हती.

भीत्यापाठी ब्रह्मराक्षस, असं त्याचे आजोबा मच्छिंद्र म्हणायचे. अवधूतनं ते दोनदा मनात म्हटलं आणि गाडी सुरू केली. घर एक किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड करून होतं. आजवर त्याला त्याचंच कौतुक होतं.

५

बुधवारी हारादा-सान परतले, आणि अवधूतनं त्यांना बाराला पोर्टाकॅबिनमध्ये बोलावून घेतलं. काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "चहा घेऊ, सर."

आवाज सुरू झाला तसे हारादा कप टेबलावर ठेवून उभे राहिले. सकाळच्या रांगेत राहतात तसे, हात बाजूला, पाठ सरळ. सगळं संपेपर्यंत हलले नाहीत. शेवटचं 'उर्वी' आलं, खट झालं, तेव्हा ते बसले. चहा निवला होता.

"आमची फार जुनी भाषा आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मला अर्धीमुर्धी कळली. कोणीतरी नाटकाची तालीम करत असेल. फ्रिक्वेन्सीवाल्यांकडे तक्रार करा."

"पण तो म्हणतो काय?"

हारादांनी भिंतीवर टांगलेल्या दंडाच्या पट्ट्यांकडे बघितलं, लाल एका खुंटीला, पांढऱ्या दुसऱ्या.

"आठशे वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन घराण्यांचं युद्ध झालं. तायरा आणि मिनामोतो. देश तोच, देव तेच, कित्येकदा नात्यागोत्याचेच. यांची निशाणं लाल, त्यांची पांढरी. पाच वर्षं कापाकापी चालली. शेवटची लढाई समुद्रात, एका खाडीत झाली. सकाळी प्रवाह लालच्या बाजूनं होता, दुपारी फिरला. मग लालवाले बायकापोरांसकट पाण्यात गेले. आमच्या शाळांत अजून खेळाला लाल आणि पांढरे संघ पाडतात, ते तेव्हापासून. मुलांना वाटतं नुसता खेळ."

"आणि हा?"

"हा लालच्या बाजूचा आहे. म्हणजे तसं म्हणतोय. त्या काळी लढण्याआधी नाव सांगायचे. पणजोबा, आजोबा, बाप, मग आपण. समोरच्यानंही सांगायचं. निनावी माणसाशी कोणी लढत नसे. त्याला मारून काय मिळणार? पण एकदा दोघांची नावं झाली की ती जोडी ठरली. मध्ये तिसऱ्यानं पडायचं नाही."

अवधूतला घाम फुटला होता. एसी अठरावर होता. त्यानं सोमवारची हकीकत सांगितली, आपण काय बोललो ते जसंच्या तसं.

हारादांनी निवलेला कप बाजूला सारला. "तुम्ही शेवटी कोणाचं नाव घेतलंत?"

"मुलीचं."

"शेवटी ज्याचं नाव, तो लढणारा," हारादा म्हणाले. "आधीची सगळी त्याच्या पाठीशी उभी असलेली. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळतंय, सर्व्हेयर-सान. पण त्याला ते कसं कळावं?" मग एकदम त्यांनी मान झटकली. "आपण दोघं सुशिक्षित माणसं आहोत. हे काय बोलतोय आपण?"

"त्यानं तिचं नाव घेतलं. मग अजून थांबलाय कशाला?"

"तिनं स्वतः सांगायला हवं ना? तिच्या तोंडून नाव पुरं व्हायला हवं." ते दाराशी गेले, तिथे घुटमळले. "पुरं झालं नाही तर लढाई लागत नाही. असं वाचलंय. मला एवढंच माहीत आहे."

घरी उर्वी गॅलरीत होती. समुद्राकडे तोंड करून, ओठ हलवत.

"उर्वी, उन्हात काय करतेयस?"

"पापा, देअर इज समवन हू कीप्स आस्किंग मी. लाइक आजोबा. 'तू कोण?'" तिनं बोटानं पाणी दाखवलं. "फ्रॉम देअर."

अवधूतनं बघितलं. सपाट, पांढरट समुद्र. वक्र्याचा किनारा इतका उथळ, की माणूस फर्लांगभर चालत गेला तरी कमरेएवढंच पाणी. तिथे कोणी नव्हतं.

"तू काय सांगितलंस?"

"नथिंग. आय फरगॉट द ऑर्डर." ती ओशाळली. "आय टोल्ड हिम, टुमॉरो. आय विल प्रॅक्टिस."

त्यानं तिला आत ओढलं आणि गॅलरीचं सरकतं दार लावून वरची कडी घातली. मृणालिनी, त्याची बायको, स्वयंपाकघरातून बघत होती. "अहो, पोरगी यंदा सुट्टीत भारतात गेली नाही, मैत्रिणी सगळ्या गेल्या. गॅलरीत तरी उभी राहू द्या की."

"उद्या साडेअकरा ते साडेबारा हे दार उघडायचं नाही. तिला पाठांतर करू द्यायचं नाही. कारण विचारू नकोस."

"बरं," मृणालिनी म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिनं खरंच विचारलं नाही.

६

गुरुवारी घरी थांबावं, असं त्याला शंभरदा वाटलं. पण आवाज यायचा तो वॉकीटॉकीवर. तिथे आपण असू तर उत्तर आपण देऊ. नावं पुन्हा सांगू, या वेळी नीट, शेवट आपल्यावर करून. चूक झाली तर दुरुस्त करता येते. सर्व्हेयरचं सारं आयुष्य त्याच विश्वासावर चालतं.

बाराला चारही पंप ओके झाले. मग आवाज आला, आणि तो संपताच अवधूतनं बटण दाबलं.

"मच्छिंद्रांचा नातू, श्रीपतींचा मुलगा, मी अवधूत. पुढे कोणी नाही. मी शेवटचा."

पाणी चुबुकचुबुक करत राहिलं. एखाद्या दुकानात दुसऱ्याच्या नंबरावर उभं राहावं आणि दुकानदारानं आपल्या खांद्यावरून पलीकडे बघावं, तसा तो आवाज त्याच्यावरून पलीकडे गेला आणि म्हणाला: उर्वी.

अवधूतनं डाव्या हातानं घरी फोन लावला. मृणालिनीनं उचलला; मागे मिक्सर थांबल्याचा आवाज आला.

"उर्वी कुठंय?"

"इथेच हॉलमध्ये. दार बंद आहे. काचेला नाक लावून उभी आहे."

"काय करतेय?"

"काही नाही हो, ओठ हलतायत नुसते. तुम्ही असे का ओरडताय?"

आणि वॉकीटॉकीवर खट झालं.

उर्वीपाशी वॉकीटॉकी नव्हता. घरात कुठेच नव्हता. तरी तिचा श्वास त्याला उजव्या कानात ऐकू आला, भाषणाला उभी राहिल्यावर घेते तसा लांब श्वास.

तो बाहेर धावला. ज्याचा सिग्नल तगडा त्याचंच ऐकू येतं, दुसरा पुसला जातो. जवळ जायला हवं होतं, जेवढं जवळ जाता येईल तेवढं. वाळूवर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेवणं कठीण. खड्ड्याच्या कडेनं जाताना खाली बघितलं तर पट्टी दिसेना. पाणी तिच्यावर चढलं होतं.

"मच्छिंद्रांची पणती," उर्वी म्हणाली. फोनवरही आणि वॉकीटॉकीवरही, दोन्हीकडे एकाच क्षणी.

"मृणालिनी, तिचं तोंड दाब!"

"अहो, काय बोलताय?"

तो पाण्यात शिरला. पाणी चहासारखं गरम होतं. समोर, फर्लांगभर आत, काठ्या उभ्या होत्या. सर्व्हेच्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या. त्यानं त्या लावल्या नव्हत्या, तिथे कोणी लावतही नाही. आणि त्या सरळ नव्हत्या. किंचित कलत होत्या, सावरत होत्या, जशा कोणी खांद्यावर घेऊन उभं असताना कलतात. त्या मोजायची सवय त्याच्या डोळ्यांना इतकी होती की तेवढ्यातही त्यानं मोजायला सुरुवात केली. अकरा. चौदा. त्यांच्यामागे आणखी.

"श्रीपतींची नात."

एक काठी बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जवळ होती. तिच्या बुडाशी पाण्यावर काहीतरी काळं पालथं तरंगत होतं, मोठ्या पातेल्यासारखं. ते वर येऊ लागलं. पातेल्याच्या काठाखालून पाणी गळत होतं. काठाच्या खाली जिथे तोंड असायचं, तिथे—

अवधूतनं डोळे मिटले, बटण दाबलं, आणि छातीत होता तेवढा सगळा दम लावून ओरडला. त्याला फक्त आपलंच नाव ओरडायचं होतं, आणि तेच तो ओरडत राहिला. अवधूत! अवधूत! अवधूत! अंगठा पांढरा पडला तरी बटण सोडलं नाही. तिकडे पोरगी काय म्हणाली, पुरं म्हणाली की नाही, त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. घसा फाटेस्तोवर तो ते नाव ओरडला, आणि ते तोंडातून जाताना प्रत्येक खेपेला थोडं हलकं होत गेलं.

मग कोणीतरी, अगदी जवळून, हळू आणि अदबीनं, ते नाव एकदाच म्हटलं. बरोबर म्हटलं. जिभेला आता सवय झाली होती.

खट.

७

डोळे उघडले तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता. समुद्र रिकामा होता. फोनमध्ये मृणालिनी रडकुंडीला येऊन "अहो, अहो" करत होती.

"उर्वी?"

"बरी आहे. मध्येच अडखळली, आता आंबा मागतेय. तुम्हाला काय होतंय? घरी या बघू."

तो तिथेच पाण्यात बसला. लेक वाचली होती. नक्की कशापासून ते त्याला सांगता आलं नसतं, पण वाचली होती. खड्ड्यातलं पाणीही उतरलं होतं. तीनच्या सायरनला रहमान भेटला. "सर्वे साब, आज तो चार के बाद एकदम सन्नाटा था. खलास." तो खूश होता, पांढऱ्या संघाची बिर्याणी पक्की झाली होती.

हारादा-सान गेटपाशी उभे होते. त्यांनी त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, थांबले, आठवू लागले. "सर्व्हेयर-सान," असं शेवटी म्हणाले. आणि कमरेत वाकून, बराच वेळ, वाकलेलेच राहिले. नेहमीचीच हाक होती ती. मग ते अडले कशाला, हे त्याला कळेना.

हेल्मेटवर त्यानं काळ्या पेननं नाव लिहिलेलं असायचं. गाडीत बसून त्यानं बघितलं. तिथे काही नव्हतं. घामानं पुसलं असेल. खाऱ्या पाण्यानं पुसलं असेल. पाकिटातलं ओळखपत्र काढायला हात गेला, आणि का कोण जाणे, त्यानं तो मागे घेतला.

घरी मृणालिनीनं "अहो, आधी आंघोळ करा" म्हटलं. ती नेहमीच अहो म्हणे, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवता येईना. उर्वी "पापा" म्हणत गळ्यात पडली. तीही नेहमी पापाच म्हणे. तो रात्री शांत झोपला, आणि त्यालाच त्याचं नवल वाटलं.

शुक्रवारी सकाळी आप्पांचा कॉल लागला. उर्वी सोफ्यावर मांडी घालून बसली. तो चहाचा कप घेऊन नेहमीसारखा मागे उभा राहिला.

आप्पांनी चष्मा सावरला. "मागे कोण उभंय गं?"

"पापा, आजोबा."

"हां, हां. पापा." आप्पा जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. एरवी ते दिसल्या दिसल्या 'अवध्या, वाळलास रे' म्हणून सुरुवात करायचे. आज म्हणाले, "बरे आहात ना?"

बापानं त्याला 'आहात' म्हटलं. नेटवर्क खराब असेल, चेहरा नीट दिसला नसेल.

"बरं, उर्वी. तू कोण?"

उर्वीनं छाती काढली. कप धरलेला त्याचा हात मध्येच थांबला. ती न अडखळता, घडाघडा म्हणाली,

"मच्छिंद्रांची पणती, श्रीपतींची नात, मी उर्वी!"

मध्ये एक नाव राहिलं होतं. ते तिला सांगावं म्हणून तो पुढे वाकला, तोंड उघडलं, आणि तसाच वाकून उभा राहिला. जिभेवर काहीच येईना. मृणालिनीनं सहज त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा सांडत होता.

पडद्यावर आप्पांनी टाळी वाजवली.

"शाब्बास," ते म्हणाले. "एकही नाव चुकलं नाही."